गुण मुलाचे की क्लासचे?

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, ही त्यातली एक सूचना. कोचिंग क्लासही तिच्या कक्षेत आले. हे व्हायलाच हवं होतं. अडचण पुढची आहे. नवा समुपदेशक रुजू झाला की महिन्याभरात संस्थाचालक विचारतात, ‘काय काम झालं, दाखवा.’ मुलाशी तासभर बोललो, हे दाखवता येत नाही. आकडा दाखवता येतो. मग प्रश्नावल्या वाटल्या जातात आणि ‘परफेक्शनिझम : उच्च’ असा शेरा असलेला कागद घेऊन पालक घरी जातात.

मी लातूर भागातल्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. एम.ए.च्या लघुशोधप्रबंधांसाठी परिपूर्णतेचा हट्ट, म्हणजेच परफेक्शनिझम, हा अलीकडे मुलांचा लाडका विषय झालाय. आमच्या कितीतरी विद्यार्थिनी पुढे इथल्याच क्लासमध्ये समुपदेशक म्हणून लागतात. त्यामुळे या प्रश्नावल्या मराठीत कशा येतात, कशा भरल्या जातात आणि त्यातून अहवाल कसा निघतो, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडतं. माझं म्हणणं एवढंच आहे : परदेशी प्रश्नावलीचं नुसतं भाषांतर करून काढलेला गुण, हा एखाद्या मुलाबद्दलचा निष्कर्ष म्हणून कुणाच्याही हाती देऊ नये. त्यातले बरेचसे गुण त्या मुलाचे नसतातच.

आधी मूळ प्रश्नावल्यांचं देणं मान्य करायला हवं. 1990 साली रँडी फ्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनी 35 विधानांची मोजपट्टी तयार केली. तिचे सहा भाग : चुकांची धास्ती, स्वतःसाठी ठेवलेली उंच उद्दिष्टं, आईवडिलांच्या अपेक्षा, आईवडिलांची टीका, आपण केलं ते बरोबर आहे ना ही शंका, आणि नीटनेटकेपणा. 1991 मध्ये कॅनडातल्या पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी 45 विधानं मांडली. हट्ट स्वतःकडून आहे, दुसऱ्यांकडून आहे, की समाज आपल्याकडून तशी अपेक्षा करतो असं वाटतं, अशा तीन दिशा त्यांनी वेगळ्या केल्या. 2001 मध्ये रॉबर्ट स्लेनी यांच्या 23 विधानांनी, जे ठरवलं आणि जे जमलं त्यातल्या अंतराने माणूस किती पोळतो, याकडे लक्ष वेधलं. या तिघांमुळे एक मोलाची गोष्ट पक्की झाली. उंच ध्येय ठेवणं म्हणजे आजार नाही. चुकलो की आपण माणूस म्हणूनच कवडीमोल, ही भावना घातक.

पण फ्रॉस्ट शिकवत होते ते मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजात, म्हणजे मुलींच्या एका जुन्या खासगी महाविद्यालयात, आणि त्यांनी सुरुवातीची उत्तरं घेतली ती पदवीच्या विद्यार्थिनींकडून. कोणतं विधान ठेवायचं, कोणतं गाळायचं, हे तशा मुलींच्या उत्तरांवरून ठरलं. तीच विधानं तीस-पस्तीस वर्षांनी लातूरच्या होस्टेलवर येतात, तेव्हा काय होतं?

मराठी करण्याची एक सर्वमान्य रीत आहे. 1970 मध्ये रिचर्ड ब्रिस्लिन यांनी ती नीट मांडली. एकाने भाषांतर करायचं, मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं आणि दोन्ही इंग्रजी ताडून पाहायच्या. आमच्याकडे हे काम पुष्कळदा एका आठवड्यात उरकतं. भाषांतर विद्यार्थिनी करते, उलट भाषांतर तिची मैत्रीण, सही इंग्रजीचे सर देतात आणि फॉर्म झेरॉक्सला जातो. आता तर मधला भाग मोबाईल करतो. आणि या रीतीतच एक गंमत दडलेली आहे. मराठी जितकी शब्दाला शब्द ठेवून केलेली, तितकी ती उलटी नेताना मूळ इंग्रजीशी तंतोतंत जुळते. म्हणजे सगळ्यांत अवघड मराठीला सगळ्यांत चांगलं प्रमाणपत्र! दोन इंग्रजी मजकूर जुळले, एवढंच त्यातून कळतं. विधान वाचून मुलाच्या मनात काय आलं, ते कळतच नाही.

ते कळायचं तर मुलालाच विचारावं लागतं. माझ्या विद्यार्थिनींना मी फॉर्म वाटण्याआधी हे करायला लावते. एका वेळी एकच मूल घ्यायचं, विधान मोठ्याने वाचायला लावायचं, खूण करू द्यायची आणि विचारायचं, ‘असं का वाटलं?’ औसा तालुक्यातल्या एका गावची, वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेसाठी लातूरला राहणारी अकरावीतली मुलगी अशीच समोर बसली होती. आईवडिलांनी आपल्यासाठी फार उंच अपेक्षा ठेवल्या, अशा आशयाच्या विधानापुढे तिने क्षणभरही न थांबता ‘पूर्ण सहमत’वर खूण केली. का, म्हटल्यावर ती माझ्याकडे पाहतच राहिली. ‘मॅडम, अपेक्षाच नसती तर मला इथं पाठवलं असतं का? ताईला नाही पाठवलं. तिचं लग्न केलं.’

फ्रॉस्ट यांच्या गणितात या खुणेला पाच गुण मिळतात आणि ते परिपूर्णतेच्या हट्टाच्या एकूण बेरजेत जातात. त्या मुलीच्या हिशेबात मात्र तो तिच्या आयुष्यातला सर्वांत मोठा मान होता. वडिलांनी दोन एकरांच्या जोरावर तिच्यावर डाव लावला होता आणि ती ते अभिमानाने सांगत होती. भाषांतरात इथे काहीही चुकलेलं नाही. विधान तिला अगदी बरोबर कळलं होतं. ते तिच्या घरात पोचल्यावर त्याचा भार बदलला.

तिच्यानंतर आलेल्या मुलाने, लहानपणी चुकांबद्दल शिक्षा व्हायची या अर्थाच्या विधानावर मधली खूण केली. मार पडायचा का, विचारलं. ‘पडायचा की. सगळ्यांनाच पडतो.’ मग ‘पूर्ण सहमत’ का नाही? ‘जास्त नव्हता पडत, शेजारच्या पप्पूएवढा.’ तो स्वतःला मोजत होता तो गल्लीतल्या पप्पूच्या मापाने. स्वतःबद्दल सांगताना माणूस आजूबाजूच्यांशीच तुलना करतो, हे संस्कृतींची तुलना करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलेलं आहे. मग स्मिथ कॉलेजातल्या मुलीचा मधला पर्याय आणि या मुलाचा मधला पर्याय एकाच रकान्यात कसे बसवायचे?

आता चुकांची धास्ती घ्या. एखादी छोटी चूकही आपल्याला सगळंच बुडाल्यासारखी वाटते का, असं या विभागात निरनिराळ्या शब्दांत विचारलेलं असतं. जास्त सहमती म्हणजे जास्त धास्ती. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीला एक कापला जातो. म्हणजे येत असलेला प्रश्न गडबडीत चुकला तर पाच गुणांचा फटका. 2024 च्या नीटचा पहिला निकाल लागला तेव्हा 67 जणांना 720 पैकी 720 होते; सुधारित निकालात ते 17 वर आले. अशा परीक्षेला बसलेलं मूल जेव्हा म्हणतं, की एका चुकीने माझं सगळं जाऊ शकतं, तेव्हा त्याच्या विचारात विकृती शोधायची की त्याने माहितीपत्रक नीट वाचलंय असं म्हणायचं? उत्तरपत्रिकेतले गोळे पुन्हा पुन्हा तपासा, असं त्याला रोज शिकवलं जातं. आपण केलं ते बरोबर ना, ही शंका तर तिथे अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

ह्युइट-फ्लेट यांचा तिसरा भाग याहून बोलका. लोक माझ्याकडून निर्दोष कामगिरीचीच अपेक्षा करतात, असं तुम्हाला वाटतं का, हा त्याचा सूर. कित्येक क्लासमध्ये दर रविवारच्या टेस्टनंतर सोमवारी सकाळी रँकची यादी भिंतीवर लागते. पहिल्या पन्नासांची बॅच वेगळी, त्यांचे शिक्षक वेगळे, काही ठिकाणी बसायची खोलीसुद्धा वेगळी. पाच-दहा गुणांनी घसरलं की सामान उचलून खालच्या बॅचमध्ये. तिथल्या मुलाने या विधानांना ‘पूर्ण सहमत’ म्हटलं, तर तो स्वतःच्या स्वभावाबद्दल काहीच सांगत नसतो. तो क्लासचं वर्णन करत असतो. अहवालात मात्र गुण त्याच्या नावावर पडतात आणि समुपदेशन त्याचंच होतं.

भरण्याची तऱ्हा आणखी वेगळी. वर्गात फॉर्म वाटले की हमखास एक हात वर होतो : ‘मॅडम, बरोबर उत्तर कोणतं?’ खोडरबर मागितला जातो. फॉर्मवर हजेरी क्रमांक लिहायला सांगितलेला असतो, समोर सर उभे असतात, आणि सरांना बरं वाटेल तिकडे पेन वळतं. सात पर्याय दिले, तर ‘थोडंसं’ आणि ‘काहीसं’ यांत फरक काय, यावर शेजाऱ्याशी सल्लामसलत होते. नकारार्थी वाक्य आणि पुढे ‘असहमत’चा रकाना आला की निम्मा वर्ग गोंधळतो. देशागणिक ही तऱ्हा बदलते, हेही जुनंच ज्ञान आहे. 1995 च्या एका अभ्यासात जपान आणि तैवानचे विद्यार्थी अमेरिका-कॅनडातल्यांपेक्षा मधल्या पर्यायाकडे जास्त झुकलेले आढळले होते. आमच्या मुलांचा कल मला उलटा दिसतो : मनापासून ‘पूर्ण सहमत’, नाहीतर रांगेने एकाच रकान्यात खुणा.

एवढं सगळं होऊनही प्रबंध पास होतो, कारण व्हायव्हात एक्स्टर्नल विचारतात, ‘अल्फा किती आला?’ क्रोनबॅक यांचं 1951 मधलं हे सूत्र विधानं एकमेकांशी किती सुसंगत आहेत ते सांगतं. 0.70 च्या वर आला की सगळे निर्धास्त होतात. पण सगळ्या मुलांनी एखादा विभाग एकाच वेगळ्या अर्थाने घेतला, तरी अल्फा उत्तमच येईल. रांगेने एकाच रकान्यात खुणा केल्या तरीही तो चांगलाच येईल. उत्तरांचा आपसात मेळ बसला, म्हणून आपल्याला जे मोजायचं होतं तेच मोजलं गेलं, असं होत नाही.

आणि मग ‘उच्च’ ही मोहोर. ती ठरते कशी? एक मार्ग म्हणजे परदेशी अभ्यासातली सरासरी उचलायची. दुसरा म्हणजे आपल्याच शंभर फॉर्मचे तीन भाग पाडायचे. या दुसऱ्या मार्गाने तेहेतीस मुलं ‘उच्च’ ठरणारच, ती शंभर मुलं कशीही असोत. शांत, सुखी मुलांचा वर्ग घेतला तरी तेहेतीस निघतील. त्यात भर म्हणजे फ्रॉस्ट यांच्या पद्धतीत नीटनेटकेपणाची सहा विधानं एकूण बेरजेत धरतच नाहीत. पण 35 च्या 35 जोडून मोकळे झालेले प्रबंध माझ्यासमोर आलेले आहेत. तिथे जागच्या जागी वह्या ठेवणाऱ्या मुलीची बेरीज तीस गुणांपर्यंत फुगते आणि घरी कागद जातो तो काळजीचा.

तराजू परगावाहून आणायला हरकत नाही, पण वजन करण्यापूर्वी पासंग पाहावा लागतो. शास्त्राच्या भाषेत त्याचे टप्पे ठरलेले आहेत. दोन्हीकडे विधानांचे गट सारखेच पडतात का? प्रत्येक विधानाचं वजन सारखं आहे का? आणि मनाची स्थिती तीच असताना दोन्हीकडची माणसं तोच आकडा निवडतात का? हा शेवटचा टप्पा पार झाल्याशिवाय दोन समाजांच्या सरासऱ्या शेजारी ठेवायच्याच नसतात. आंतरराष्ट्रीय चाचणी आयोगाने 2017 च्या दुसऱ्या आवृत्तीत चाचण्यांच्या रूपांतरासाठी 18 सूचना दिल्या आहेत. त्यातही भर आहे तो नव्या समाजात चाचणी पुन्हा पारखून घेण्यावर.

आमच्या जवळजवळ प्रत्येक प्रबंधाच्या प्रस्तावनेत थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांचा दाखला असतो : ‘जगभर तरुणांमधला परफेक्शनिझम वाढतो आहे.’ मूळ अभ्यास 1989 ते 2016 या काळातल्या अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या चाळीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा आहे. मोजपट्टी एकच, भाषा एकच, समाज बऱ्यापैकी सारखे. म्हणून तिथे तुलना करता आली. त्या तीन देशांचं ‘जगभर’ आपणच करून टाकलं.

हे काम आपल्याला जमणार नाही, असं मुळीच नाही. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला बिने यांची बुद्धिमत्ता चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली ती 1930 च्या दशकात. त्यांनी नुसती वाक्यं बदलली नाहीत. कोणता प्रश्न कोणत्या वयाच्या मुलाला इथे सुटतो, ते मुलांना बसवून पाहिलं आणि त्याप्रमाणे मांडणी बदलली. 1940 साली त्यावर त्यांचं पुस्तक आलं. बिने-कामत चाचणी अजूनही वापरात आहे. तेव्हा संगणक नव्हता. शाळाशाळांतून फिरण्याची तयारी होती.

दुसरं उदाहरण विक्रम पटेल यांचं. 1990 च्या दशकात झिम्बाब्वेत काम करताना त्यांनी तिथल्या रुग्णांशी आणि वैद्यांशी बोलून, लोक स्वतःच्या त्रासाबद्दल जसं बोलतात त्यातूनच 14 प्रश्नांची शोना प्रश्नावली उभी केली. फार विचार करत राहणं, ही तिथली तक्रारीची रीत त्यात आली. पुढे गोव्यात ‘संगत’ या संस्थेच्या कामात पाच प्रचलित प्रश्नावल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या रुग्णांवर वापरून, सविस्तर मुलाखतींशी ताडून पाहिल्या गेल्या. म्हणजे आपल्याला बाहेरची पट्टी आणून पारखता येते आणि आतूनही घडवता येते. पारखण्याचे दाखले तर धारवाड आणि गोव्याइतक्या जवळचे आहेत.

यावर माझे सहकारी म्हणतात, ‘मॅडम, सगळं पारखून होईपर्यंत मुलं थांबणार आहेत का? काहीच नसण्यापेक्षा हे बरं.’ प्रश्न खरा आहे. त्रास होत असलेलं मूल प्रबंधाची वाट पाहत नाही. पण प्रश्नावली वापरू नका, असं मी म्हणतच नाही. तिच्या आधाराने मुलाशी बोलायला सुरुवात करावी. मुलाने कुठे खूण केली हे बघून ‘हे सांग बघू जरा’ म्हणावं. एकाच मुलाचे आधीचे आणि नंतरचे फॉर्म शेजारी ठेवून काय बदललं, ते त्यालाच विचारावं. फक्त त्यावरून शेरा मारू नये, फाईल करू नये, बॅच ठरवू नये. ‘काहीच नसण्यापेक्षा बरं’ हे औषधाच्या बाबतीत आपण म्हणत नाही. चुकीचं औषध काहीच नसण्यापेक्षा वाईट असतं, हे आपल्याला ठाऊक असतं.

शिवाय विचारायचा खरा प्रश्न त्या बेरजेत नसतोच. रोझ शाफ्रान, झाफ्रा कूपर आणि ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी 2002 मध्ये मांडलं, की उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाचं हे : स्वतःची सगळी किंमत उद्दिष्ट गाठण्यावर टांगलेली आहे का, आणि त्यापायी नुकसान होत असूनही माणूस सोडत नाही का? झोप गेली, जेवण सुटलं, पेपर अर्धा टाकून उठला, घरचा फोन घेणं बंद केलं. हे इथल्या मराठीत सरळ विचारता येतं, आणि औशाची ती मुलगी आणि रात्री तीनला रडत बसणारी तिची रूममेट यांच्यातला फरक त्यातूनच कळतो. बेरजेत त्या दोघी शेजारी-शेजारी असतात.

करायला काय हवं, तेही अवघड नाही. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांनी परिपूर्णतेची एक मोजपट्टी मूळ लेखकांची परवानगी घेऊन मिळून मराठीत आणावी. तिची पारख लातूरच्या क्लासमध्ये, चंद्रपूरच्या आश्रमशाळेत आणि ठाण्याच्या मराठी शाळेत करावी, आणि मानकं सर्वांसाठी खुली ठेवावीत. पीएचडीचे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन संग्रहात जातात, एम.ए.च्या पातळीवर केलेली भाषांतरं मात्र कपाटात कुजतात आणि पुढच्या वर्षीची मुलगी पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करते. तोवर शाळांनी आणि क्लासनी छापील अहवाल देणं थांबवावं. पालकांनीही असा कागद हाती पडला तर विचारावं : ही प्रश्नावली मराठी मुलांवर पारखली आहे का, कुठे, आणि माझ्या मुलाची तुलना कुणाशी केलीत? उत्तर मिळालं नाही तर त्या ‘उच्च’ला घाबरायचं कारण नाही. मुलाची झोप कशी आहे, ते मात्र त्याच दिवशी विचारावं.

समुपदेशक नेमायला सांगणाऱ्या त्याच सूचनांमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली आहे : गुणांवरून विद्यार्थ्यांच्या वेगळ्या बॅच पाडू नका, चारचौघांत त्यांना लाजवू नका, आणि कुवतीबाहेरची लक्ष्यं त्यांच्यावर लादू नका. समुपदेशक नेमण्याची सूचना संस्था आनंदाने पाळतील, कारण तिने काम मुलाच्या माथी जातं. या दुसऱ्या सूचनेने ते क्लासच्या माथी येतं. म्हणून नव्याने रुजू झालेल्या माझ्या विद्यार्थिनींना मी सांगते, की प्रश्नावलीचं पाकीट फोडण्याआधी चालकांना भिंतीवरची रँकची यादी उतरवायला सांगा. त्यासाठी भाषांतर लागत नाही, मानकं लागत नाहीत आणि कुणाची परवानगीही लागत नाही. नाही म्हणाले, तर परिपूर्णतेचा हट्ट नेमका कुणाचा, ते तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलेलं असेल.